माशांना शिळं पाणी

कोथरूडच्या बसस्टॉपवर उल्काच्या पुढे एक म्हातारं जोडपं उभं होतं. आजोबांच्या हातातल्या पिशवीत पाणी आणि दोन सोनेरी मासे होते. उल्का जरा पुढे सरकली.

"ही तिसरी जोडी," आजोबा म्हणाले. "नळाच्या पाण्यात क्लोरीन असतं, म्हणून मी बादली भरून चोवीस तास उघडी ठेवतो, मगच टाकीत ओततो. तरी मरतात."

"मोरीतली निळी बादली?"

"तीच. का?"

"अहो, सकाळी नळ आला की मी ती ओतून टाकते. ताजं भरून ठेवते."

"रोज?"

"मग? मुक्या जिवांना शिळं द्यायचं?"

उल्काची बस आली. ती चढली नाही.

"त्या ताज्या पाण्यानंच मेले ते."

"चाळीस वर्षं तुम्हालाही ताजंच देतेय. टिकलात ना?"