थोरले सुरू होत नाहीत

—ऐकलंत ना? ऐकलंत की नाही? झालं होतं सुरू! तुमच्या कानांनी ऐकलंत साहेब, आता नाही म्हणू नका — पहिल्याच सेल्फला धडधडलं, जरा वेळ का होईना चाललं, मग बंद पडलं ते वेगळं. बंद काय, कुठलंही इंजिन पडतं. होडी विकत घ्यायला आलात तर एवढी तयारी हवी मनाची. बसा ना, त्या फळीवर बसा — ती नको, ती हलते — ही, इकडची. आणि चेहरा असा पाडू नका हो, थोरले बघतायत. कोण थोरले? अहो हे! हे काय, समोर बसलेत, हिरवे, एका सिलिंडरचे, आमच्या लग्नाच्या आधीपासून या होडीत आहेत. आमच्याकडे इंजिन कुणी म्हणतच नाही. थोरल्यांना तेल घातलं का, थोरले आज खोकतायत, थोरल्यांना गार वारा लागला — असं चालतं. आमची ही तर — ती बघा, धक्क्यावर आमच्याकडे पाठ करून भाजी निवडत बसलीय ती — त्यांना ओलांडून जात नाही कधी, वळसा घालून जाते. एवढ्याशा होडीत वळसा! पण घालते.

आता मी काय करतो ते नीट बघा, उद्या तुम्हालाच करायचंय. बंद पडलं की घाबरायचं नाही, आधी धूर बघायचा. हा मारला सेल्फ — फिरतंय की नाही? झकास फिरतंय, म्हणजे बॅटरी ठणठणीत. आता मागे वाका आणि नळीतून धूर येतो का सांगा. नाही? पांढरासुद्धा नाही? अजिबातच नाही? अरे वा! — हसतोय काय म्हणून विचारता, ही आनंदाची बातमी आहे साहेब! पांढरा धूर आला असता तर डिझेल आत जातंय पण पेटत नाही असं झालं असतं, मग आलीच खोलाखोली. धूरच नाही म्हणजे डिझेलच पोचत नाहीये. थोरले आजारी नाहीत, उपाशी आहेत! उपाशी माणसाला डॉक्टर लागतो का? जेवण लागतं! तर जेवण आहे का बघू — ही पट्टी घातली टाकीत, ही काढली — बघा, वरपर्यंत ओली. कालच काठोकाठ भरली मी. विकायच्या होडीत एवढं डिझेल कोण भरतं म्हणता? मी भरतो. म्हटलं परक्या घरी जायचंय, पहिल्याच दिवशी तोंड वेंगाडायला नको कुणापुढे — काही नाही, डोळ्याला काही नाही झालं, डिझेलचा हात लागला. चुरचुरतं जरा.

रिव्हर्स? रिव्हर्सचं मध्येच काय काढलंत? लागतो ना रिव्हर्स — म्हणजे लागतो कधीकधी — आणि मागे कशाला जायचंय तुम्हाला, होडी पुढे जायला घेतात. नाही लागला तर धक्क्याला हात टेकून ढकलायचं, आम्ही तेच करतो. विषय बदलू नका. ही फिल्टरखालची काचेची वाटी बघा. रिकामी! भरलेली असायला हवी, मधासारखी दिसते भरली की. म्हणजे हवा धरलीय. हवा काढणं म्हणजे मजेचं काम आहे, दोघांचं. एकाने हा छोटा पंप अंगठ्याने दाबत राहायचा, दुसऱ्याने पाना घेऊन वरचा स्क्रू ढिला करायचा, मग फेस येतो, बुडबुडे येतात, आणि बुडबुडे संपून स्वच्छ डिझेल आलं की लगेच आवळायचं. ही दाबणार, मी आवळणार, अशी आमची पद्धत. आणि शेवटचा बुडबुडा कुठला यावरून आमचं भांडण ठरलेलं! ती म्हणते अजून एक आहे, मी म्हणतो संपले, आणि — कुणाला सांगू नका — एक असतोच. लग्नानंतर बरेच दिवस आमचं बोलणं असं झालंच नव्हतं साहेब, पहिलं बोलणं बुडबुडे मोजतानाच झालं. दोघंही लाजरे. थोरल्यांनीच बोलतं केलं आम्हाला.

आज मघाशी हाक मारली तर काय म्हणाली ऐकलंत? तुम्हीच बघा, मला काय त्यातलं कळतंय. हिला कळत नाही! घरात स्वयंपाक करताना नुसत्या आवाजावरून खिडकीतून ओरडणारी बाई ही — अहो, नोझल बघा, ठोका चुकतोय! आणि आज केव्हाचा सेल्फ मारतोय मी, ओरडणं सोडा, मान वळवून बघितलंसुद्धा नाही. असू दे. मन काढून घेतलंय तिनं. तिनंच तर ठरवलं ना विकायचं. म्हणाली, पूल झाला, आता पलीकडे जायला होडीत कोण बसतंय, तुमचे गुडघे वाजतात, मुलाने शहरात खोली रिकामी करून ठेवलीय, चौथा मजला, लिफ्ट आहे, भिंतीला रंग कुठला हवा म्हणून विचारतोय — वर्षभर हेच. मी म्हटलं, बाई, तुझी कंबर दुखते या चढउतारानं, तुला सुख लागणार असेल तर हो. एकदा हो म्हटलं की संपलं. मला रंग विचारला तर मी हिरवा सांगितला. मुलगा हसला. हसण्यासारखं काय आहे त्यात?

धरा जरा हा पाना. दाबतोय मी पंप, बघत राहा — आला फेस? नाही? एक बुडबुडा? नुसतं कोरडं? मग हवा नाहीये ही, हवा असती तर फेसाळलं असतं. मागूनच अडलंय काहीतरी. ही नळी काढली, आता टाकीकडे फुंकतो — फू — फूऽऽ — नाही जात. कचरा? छे, कचरा असता तर जरा तरी हललं असतं, हे तर चक्क दार लावल्यासारखं — थांबा. टाकीच्या मागे डिझेल बंद करायचा एक कॉक आहे. पण तो आम्ही बंदच करत नाही कधी, करायचाच नसतो, केला की नळीतलं डिझेल संपेपर्यंत इंजिन चालतं आणि मग पडतं बंद, आणि मग — आणि मग अगदी हेच होतं. सरका जरा. हात घालतो. कोपर अडकलं. बोटं टेकतायत — दांडा उभा हवा. आडवा आहे. साहेब, आडवा आहे हो, बंद केलाय कुणीतरी!

मी? मी कसा करीन, माझी बोटं नुसती टेकतायत, फिरवता येत नाही मला, तुमचा तर हात मनगटालाच अडकेल. तिथवर जाणारा हात या होडीत एकच आहे. आणि तो हात सकाळी झाडू घेऊन आला होता. गिऱ्हाईक यायचंय म्हणाली, जरा केर काढून येते. केर! अहो, केर काढायला टाकीच्या मागे खांद्यापर्यंत — थांबा, मला हसू द्या, पोटात दुखायला लागलं — तुम्हाला तिनेच शोधलं ना? फोन तिनेच केला ना? आणि मला कळू न देता कॉक फिरवला तोही तिनेच! आणि आता बघा तिच्याकडे, बघा ती पाठ, खांदे बघा कसे आखडून धरलेत, कान इकडेच आहेत सगळे! मी तिच्या कंबरेसाठी हो म्हणालो, ती माझ्या गुडघ्यांसाठी विका विका करत राहिली, आणि एकमेकांची काळजी घेता घेता थोरल्यांना घराबाहेर काढलं होतं की आम्ही! आणि खरं सांगू — मला नाही विकायची होडी. नव्हतीच विकायची. एक दिवससुद्धा वाटलं नाही विकावी म्हणून. हे तिला सांगायचं सोडून मी तुम्हाला सांगतोय, बघा.

नाही साहेब, काही नाही सापडलं. गेलं इंजिन. पार गेलं, आतून — छे, थोरल्यांच्या तोंडावर असलं खोटं नाही बोलवत मला. कॉक बंद आहे, एवढंच. उघडला की सुरू. पण तुमच्यासाठी नाही उघडणार. रागावू नका, तुमचा काय दोष, चांगले दिसता तुम्ही, पण ही होडी तुम्हाला नाही परवडायची — रिव्हर्स लागत नाही, ती फळी हलते, पाणी झिरपतं पुढून, थोरले पावसाळी हवेत तासतास ऐकत नाहीत कुणाचं. दुसरी बघा, नवी बघा. तो पाना द्या इकडे. चढा वर, जपून, पाय घसरतो तिथे. हो, हो, नमस्कार. तिच्याशी बोलत बसू नका आता वर जाऊन, सरळ चालू लागा.

अगं ए — भाजी राहू दे ती! ये खाली, तुझा हात हवाय. हो, गेला तो — मी घालवला!