एक मन मीठ

तुम्ही पोरं गेम चालवताना दहाव्या लेवलला दमता, म्हणून सांगतो. कॉलेजात असताना फुलपाड्याच्या आमच्या फ्लॅटमध्ये दर रविवारी कागद-फाशांचा गेम चालायचा. चार मित्र वीर व्हायचे; गोष्ट रचून गेम चालवणारा मी, आणि राक्षस सगळे माझे. चार वर्षांत वीर तिसाव्या लेवलला पोचले. तिथे गेम चालवणं खायचं काम नाही. ड्रॅगन तर ही मंडळी चहा यायच्या आत लोळवायची.

म्हणून महिनाभर खपून मी पाताळाचा राजा बनवला. त्याला तलवार लागत नाही, मंत्र लागत नाही. तो फक्त सौदा करतो. घोगऱ्या आवाजात मी म्हणालो, "ताब्यातली पृथ्वी सोडतो. बदल्यात एक मन द्या." ज्याने मन दिलं, त्याचं पात्र कायमचं गेलं. तिघांनी आपापल्या पात्रांचे कागद मागे ओढले.

चौथा नरेश, जूचंद्रचा. वडील मिठागरात. पाण्याला 'पानी' म्हणतो म्हणून आम्ही त्याला पिडायचो. तो शांतपणे म्हणाला, "दिला. एक मन मीठ."

"अरे, तो मण! चाळीस शेरांचा!"

"मग? आमच्यात त्याला मनच बोलतात. तुझा राजा काय बोलला?"

मी नियमांचं पुस्तक उघडलं आणि मिटलं. राजा हरला, हे मीच जाहीर केलं. असा हरलेला गेम दुसऱ्या कुणी चालवून दाखवावा!

पुढच्या रविवारी नरेशच्या वडिलांनी खरंच मिठाची पिशवी पाठवली. निरोप होता, "पोरानं शब्द दिलाय, पाताळात पोचवा."