मऊ म्हणं मी!

...आन् वर मलाच म्हणत्यात, तू मऊ वाजवतोस! तुम्हाला सांगतो पावणं, मी सम्राट, कोडोलीचा, वीस वर्सं लग्नाच्या बँडात सॅक्सोफोन फुंकून गालांचं चामडं झालंय, आन् मी मऊ?

तीन वर्सं झाली, रेडिओवाल्यांनी मला दुपारी दोनचा तास दिलता, स्मूथ जॅझचा, म्हंजे कुणाला तरास न देता गुळगुळीत वाजवायचं. दातांच्या दवाखान्यात लावत्यात, साड्यांच्या दुकानात लावत्यात, माणसं खूश की! तेवढ्यात विजयसिंह सरांचं आवतन आलं. रिटायर प्राध्यापक, अस्सल जॅझच्या तबकड्या भिंतभर, दर रविवारी धा-बारा जाणकार गोळा करून ऐकवत्यात. मी इस्त्रीचा शर्ट घालून गेलतो, बायकोला बी न्हेलतं. धा मिन्टं वाजवलं... टाळी न्हाय. सर उठलं, चष्मा पुसला, "मंडळी, फार मऊ. जॅझ मेल्यावर त्याला पावडर लावून खुर्चीत बसवतात ना, ते हे." सगळी हसली. बायको बी हसली, तिला वाटलं कौतुक चाललंय.

मऊ म्हणं!

मग पेटलो. आठ म्हयनं त्यांच्याकडंच शिकलो. "सुंदर नको, खरं वाजव," म्हणायचं, आन् चुकून सुंदर निघालं की काठीनं फरशी बडवायचं. घरी रियाजाला बसलो की आई इचारायची, पोटात दुखतंय व्हय रं? शेवटी एका सोमवारी रेडिओवर तासभर अस्सल वाजवलं, ओरबाडून, घामाघूम हून. फोन आलं तीन. दोघांनी इचारलं, रेडिओ बिघडलाय का? तिसरा दातांचा डॉक्टर, त्याचा पेशंट तोंडात कापूस घिऊन खुर्चीतनं पळालता. स्टेशनवरच्या शिवानी मॅडमनी लई गोडीत सांगितलं, उद्यापास्नं येऊ नका.

मऊ बी गेलं, तास बी गेला!

चार दिसांनी सरांच्या दारात हुबा ऱ्हायलो. म्हटलं, तुमच्या अस्सलापायी माझं हे झालं. सरांचं डोळं लालभडक. म्हणालं, "अरे, पण रेडिओवर कशाला वाजवलंस ते?"

"मग कुठं वाजवायचं?"

सरांनी गल्लीत दोन्हीकडं बघितलं. मग हळूच म्हणालं, "दोन वाजता मी झोपायचो. तुझा तास लावून. चार दिवस डोळा नाही लागला."

म्हटलं, मला शिकवत हुता तवा बी? तर मान हलवली... व्हय म्हणून!

आता काय सांगू तुम्हाला, रोज दोनला त्यांच्या पलंगाशेजारी स्टूल टाकून बसतो आन् मऊ वाजवतो. खिडक्या लावून घ्यायला लावत्यात, रविवारच्या मंडळींस्नी कळाय नको. तिसऱ्या मिन्टाला घोरत्यात. जाणकाराची दाद म्हणायची, दुसरं काय.