शालनची गूळतुला

मंडळी, देवीला हात जोडा, मोबाईल खिशात ठेवा आणि मला एवढं सांगा — आजारी माणूस बरा झाला, हे ओळखायचं कशावरून?

कशावरून? माणूस वाळला की आपण म्हणतो, "अरेरे, काय दशा झाली गं तुझी!" भरला की म्हणतो, "अगं बाई, किती सुटलीस!" म्हणजे आपल्या लेखी तो बरा कधीच नसतो. मध्ये एखादा दिवस असेल — त्या दिवशी आपण परगावी असतो!

तर ऐका. बोरजाई नावाचं गाव. तिथं गजराबाई घोलप आणि तिची सून शालन. सून नवी असताना तिला कावीळ झाली. अंगावर हाडं उरली. डॉक्टरांनी मान हलवली, तेव्हा गजराबाईनं गावदेवीपुढं पदर पसरला — "आई, एवढी पोर वाचव. हिच्या वजनाइतका गूळ तुझ्या दारात वाटीन!"

शालन वाचली. नवस मात्र राहिला. आपले नवस राहतातच! एका वर्षी पाऊस नाही, एका वर्षी लग्न, एका वर्षी सुतक. तोवर शालनला दोन लेकरं झाली, अंग भरलं, पुढं मधुमेह निघाला आणि साखरेची गोळी लागली. शेवटी गजराबाईनं जाहीर केलं, "या जत्रेला हिची गूळतुला करायची म्हणजे करायची!"

शेजारची पारूबाई म्हणाली, "मग गूळ ट्रॅक्टरनं आणा, गजराक्का!"

सगळे हसले. शालनही हसली. अशा वेळी बाई हसते, मंडळी. दुसरं काय करणार?

आणि दुसऱ्या दिवसापासून शालननं उपास धरले. सोमवार महादेवाचा, मंगळवार गणपतीचा, गुरुवार दत्ताचा, शुक्रवार देवीचा, शनिवार मारुतीचा, रविवार सूर्यनारायणाचा. बुधवार मोकळा होता. बुधवारी म्हणायची, "भूकच मेली."

कुणी विचारलं का? कसं विचारणार! आपल्याकडे बाई जेवली नाही तर घर चौकशी करतं. उपास आहे म्हटलं की घर नमस्कार करतं. गजराबाई गावभर सांगत होती — "माझी सून देवाची झाली!"

साखरेची गोळी मात्र शालन वेळेवर घेत होती. गोळी चालू, जेवण बंद. एके दिवशी भरबाजारात हात थरथरले, घाम फुटला आणि ती वांग्याच्या ढिगावर पडली. उपाशी बाई पडली — आणि लोक काय म्हणाले? "वजनानं झालं!"

डॉक्टरांनी उतरलेली साखर वर आणली आणि तिला आहारतज्ज्ञ मेश्राम मॅडमकडे पाठवलं. सासूला बाहेर बसवून शालन आत गेली, चपला काढल्या आणि थेट कोपऱ्यातल्या वजनकाट्याकडे निघाली.

"काटा राहू द्या. इकडं बसा."

"वजन न करता तुम्हाला कळणार कसं?"

"तुम्ही सांगाल तसं. काल काय खाल्लंत?"

"काल शुक्रवार होता."

"मी वार नाही विचारला, ताई."

मग हळूहळू सगळं बाहेर आलं — गोळी, उपास, गूळतुला, ट्रॅक्टर.

मॅडम म्हणाल्या, "आधी, गोळी घेतली की जेवण. भाकरी सोडायची नाही; बरोबर भाजी, उसळ, ताक घ्या. आणि घरात कुणाबरोबर जेवता?"

"सगळ्यांचं झाल्यावर. जे उरेल ते."

"उद्यापासून सगळ्यांबरोबर, वेळेवर. चक्कर थांबते का, झोप लागते का, साखर जागेवर राहते का — ते आपण बघू."

"आणि वजन कधी कमी करायचं?"

"त्याच्या मागं लागून तुम्ही बाजारात पडलात. मला तुम्ही उभ्या हव्यात. सासूबाईंना आत बोलवा."

गजराबाई आत आली. सगळं ऐकलं. मग म्हणाली, "देवासाठी नव्हतं व्हय गं हे?"

"न्हाई, आत्याबाई. लाज वाटायची."

त्या दिवसापासून सासू-सून एका वेळी जेवायला बसू लागल्या. बोरजाईत ही बातमी होती!

जत्रा आली. देवळाच्या तुळईला गुऱ्हाळावरचा मोठा तराजू टांगला. शालन सकाळी पोटभर जेवून आली. पण पारड्यापाशी तिचे पाय अडले. समोर अख्खा गाव. पहिल्या रांगेत — पारूबाई!

"बस," गजराबाई म्हणाली.

शालन बसली. समोरच्या पारड्यात गुळाची ढेप ठेवली. काटा हलला नाही. दुसरी. तिसरी. मागं कुणीतरी खुसखुसलं. शालननं डोळे मिटले. आणलेला गूळ संपला, तरी तिचं पारडं खालीच!

पुजारी सज्जन माणूस. हळूच म्हणाला, "आजी, एक नारळ ठेवा वरती. देवी मान्य करते. थोडं कमी चालतं."

म्हातारी फिरली. "कमी? देवीनं मला सून कमी करून दिली व्हती? हिची हाडं उरली व्हती, तवा मागितली मी हिला. आता अख्खी हाय, तर मी नवस कापून फेडू? गूळ आणा!"

मग एक बाई उठली, घरी गेली आणि डबा घेऊन आली. कोण? पारूबाई! तिच्यामागं आणखी बायका. कुणाची अर्धी ढेप, कुणाचा चहाचा गूळ, कुणाचा दिवाळीतला उरलेला. आणि शालन? मघाशी डोळे मिटून बसलेली शालन आता पारड्यात झोके खात सांगत होती — "पारूकाकू, अजून टाका की! हात का आखडताय?"

पारडी समोरासमोर आली. गूळ वाटला. शेवटच्या माणसापर्यंत पुरला.

शालनचं वजन किती होतं? मला ठाऊक नाही. तराजूवर आकडा नसतो. म्हातारीला सून जिवंत आहे एवढं मोजायचं होतं, ते मोजून झालं.

मंडळी, आता आरती आणि मग पंगत. शेजारच्या पानात किती पोळ्या पडल्या हे बघायला देवीनं तुम्हाला डोळे दिलेले नाहीत. कुणी वाढून घेतलं, तर "बास की आता" म्हणू नका. कुणी नको म्हटलं, तर उपासाला नमस्कार करायच्या आधी शेजारी बसा आणि विचारा — "बाई, जेवलीस का?" आणि उत्तर येईपर्यंत उठू नका.