डाळिंबी स्वेटर गरम पाण्यात गेला

...आणि वर लोक मलाच विचारतात, ‘अहो, पण तुमची तर स्वतःची लॉन्ड्री आहे ना?’ आहे! आहे ना! नाही कोण म्हणतंय? दारावर ही एवढाली पाटी आहे, आत दोन मोठी मशीनं आहेत, अख्ख्या वस्तीच्या शाली, कोट, ब्लँकेटं माझ्या हाताखालून जातात, आणि आजवर कुणाचं बटणसुद्धा इकडचं तिकडे झालं नाही. आणि घरातला एक स्वेटर... एक! एवढुसा! तुम्हाला सांगतो, मी हात लावायलाच नको होता.

बरं, दिवस कुठले? पानगळीचे. म्हणजे सकाळी नाक वाहतंय, दुपारी घाम वाहतोय आणि संध्याकाळी परत नाक. आणि या दिवसांत सगळ्या जगाला एकदम जाग येते. माळ्यावरून ट्रंका खाली येतात, ट्रंकांतून ब्लँकेटं बाहेर येतात आणि सगळी वरात माझ्या दारात! ‘संध्याकाळपर्यंत मिळेल ना हो? आज पांघरायचंय.’ अरे, मग उन्हाळाभर काय करत होतात? गच्चीवर चादरी वाळत घालाव्यात तर शेजारच्या झाडाची पानं येऊन त्यांच्यावर बसणार, ती झटकावीत तर दुसरी बसणार, त्या झाडाला काही दुसरा उद्योग आहे का? नाही! तर अशा धामधुमीत घरातलं प्रकरण माझ्या गळ्यात पडलं. पडलं कसलं... मीच ओढून घेतलं.

मला दोन मुली. थोरली आठ वर्षांची, तिला मी वकीलबाई म्हणतो, कारण ‘दात घास’ म्हटलं तर ती आधी ‘का’ विचारते, मग ‘कालच घासले होते’ असा पुरावा देते आणि मग तारीख मागून घेते. धाकटी पाच वर्षांची, ती शेपूट. थोरली जाईल तिथे मागे. ताईने उडी मारली की हिची उडी, ताई रुसली की ही पण रुसून बसणार, कशावरून ते ठाऊक नाही, पण बसणार!

आणि आमच्या घरात एक स्वेटर होता. डाळिंबी रंगाचा, मोठ्या मोठ्या लाकडी बटणांचा, दोन खिसे. मुलींच्या आत्याने, म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीने विणलेला. आता तिची बोटं आखडलीत, सुई धरवत नाही, त्यामुळे तसा दुसरा व्हायचा नाही. तो वकीलबाईंचा. शेपूट दर वर्षी पानगळ सुरू झाली की तो गुपचूप घालून बघायची. तो गुडघ्यापर्यंत! बाह्या अशा लोंबतायत, हात सापडत नाहीत, समोरून बघावं तर स्वेटरच चाललाय! मग आम्ही म्हणायचो, ‘पुढच्या थंडीत हं, पुढच्या थंडीत तुझा.’ लहान मुलांना असं काही सांगू नये हो. आपण विसरतो. ती विसरत नाहीत. यंदा पहिलं पान खाली पडलं, आणि पान जमिनीला टेकायच्या आत शेपूट माझ्यासमोर उभी. ‘बाबा, पुढची थंडी आली.’

आता थोरलीने द्यावा की नाही? पोट उघडं पडतंय, बाह्या कोपरापर्यंत आल्यात, तरी वकीलबाई म्हणतात, ‘मला होतो.’ म्हटलं, अगं, कुठे होतो? ‘इथे होतो,’ म्हणे, आणि खांदे दाखवले. भर दुपारी तो घालून बसायची. घामाने डबडबलीय, चेहरा स्वेटरहून लाल, पण काढणार नाही! शेपूट शेजारी उभी राहून टक लावून बघतेय, जसं काही बसस्टॉपवर उभी आहे आणि बस दिसतेय पण येत नाही. मग रडारड. मग ओढाओढ. एक बटण तुटलं, त्यावरून आणखी रडारड.

आमची ही दवाखान्यात नर्स आहे. दिवसभर लोकांची रडारड ऐकून येते, तिला फरक पडत नाही. ती शांतपणे म्हणाली, ‘थोडे दिवस जाऊ देत. त्यांचं त्या बघतील.’ मी म्हटलं, ‘छे, मी बघतो.’ ती म्हणाली, ‘तू नको बघूस.’ किती सोपं वाक्य! लहान पोराला कळेल! पण नाही. मी हात लावायलाच नको होता.

माझी योजना ऐका. योजना म्हणून वाईट नव्हती. थोरलीसाठी नवा स्वेटर आणायचा, आणला, निळा, तिला आवडतो तसा. जुना गुपचूप दुकानात न्यायचा, गार पाण्यात, खास लोकरीच्या साबणाने, स्वतःच्या हाताने धुवायचा, बटण लावायचं, वाफेवर फुलवायचा, असा की शेपटीला वाटावं नवाकोरा आलाय! दोघी खूश, घरात शांतता, बाप ग्रेट. पण न्यायचा कसा? वकीलबाई उशाशी घेऊन झोपतात! सकाळी त्या आंघोळीला गेल्या, मी स्वेटर उचलला, आता लपवू कशात, तर समोर उशी होती. उशीचा पांढरा अभ्रा काढला, त्यात स्वेटर कोंबला, वरून गाठ मारली आणि चोरासारखा घराबाहेर. स्वतःच्या घरातून! स्वतःच्या मुलीचा स्वेटर!

आता माझ्या दुकानाची एक शिस्त आहे. आलेल्या प्रत्येक कपड्याला आम्ही चिंधी बांधतो, त्यावर नंबर, आणि दोऱ्याचा रंग बघून कळतं, हिरवा म्हणजे गार पाणी, लाल म्हणजे गरम. चिंधीशिवाय कपडा आत जात नाही. पण घरच्या कपड्याला कोण चिंधी बांधतं? तुम्ही सांगा! आपल्याच घरच्या जेवणाची पावती कुणी फाडतं का? मी ते गाठोडं टेबलावर ठेवलं आणि तेवढ्यात एक बाई चार ब्लँकेटं घेऊन आल्या, ‘यातलं एक माझ्या सासूबाईंचं आहे, त्याला इतर ब्लँकेटांबरोबर धुवायचं नाही,’ आता ब्लँकेटांतही सासू-सून? त्यांची समजूत घालून मागे वळलो, तर टेबल रिकामं.

आमच्याकडे इस्त्रीला मावशी आहेत. कामाला वाघ. त्या दिवशी हॉटेलच्या चादरी-अभ्र्यांचा ढीग आला होता, सगळं पांढरं, सगळं उकळत्या पाण्यात. मावशींनी बघितलं, टेबलावर एक पांढरा अभ्रा राहिलाय. उचलला. टाकला. ‘मावशी, इथलं गाठोडं?’ ‘हॉटेलचं ना? गेलं की मशीनमध्ये!’

मी धावलो, मशीन बंद केलं, दार उघडलं, वाफेचा लोट अंगावर आला, आणि आत... काय सांगू... अख्ख्या हॉटेलचे अभ्रे गुलाबी! हॉटेलच्या मॅनेजरचा आवाज मला तिथेच ऐकू यायला लागला, ‘साहेब, आमच्याकडे लोक झोपायला येतात, वाढदिवसाला नाही!’ (नंतर तो शब्दशः हेच बोलला.) पण मला हॉटेलच्या अभ्र्यांचं काही नव्हतं हो. मी आमच्या अभ्र्याची गाठ सोडली, आत हात घातला, आणि हाताला लागलं ते... माझ्या तळहाताएवढं! म्हणजे अगदी तळहाताएवढं नाही, पण दोन तळहात धरा. घट्ट, जाड, कडक, जणू पायपुसणं. वर ती लाकडी बटणं मात्र होती तेवढीच, छातीभर पसरलेली. मावशी बघत राहिल्या आणि म्हणाल्या, ‘बाहुलीचा आहे का?’

मी हात लावायलाच नको होता!

मग काय केलं मी? जे गिऱ्हाइकांशी करतो तेच केलं. घरी सांगितलं, ‘वाळतोय.’ रोज शेपूट दारात, ‘बाबा, वाळला?’ ‘नाही गं, हवा दमट आहे.’ बाहेर कडकडीत ऊन! वाळलेल्या पानांवर पाय ठेवला तर पापडासारखी मोडतायत, आणि मी म्हणतोय हवा दमट! थोरली काही बोलत नव्हती. नवा निळा स्वेटर तिने घडीसकट कपाटात ठेवला होता आणि माझ्याकडे नुसती बघायची. वकील गप्प बसला की जास्त भीती वाटते.

शेवटी आमच्या हिने माझी पिशवी झटकली आणि तो टेबलावर पडला. सगळे जेवायला बसलेले. शेपटीने तो उचलला. उलटा केला, सुलटा केला. बटणं ओळखली. आता हंबरडा फुटणार म्हणून मी डोळे मिटून घेतले. तर ती तो घालायला लागली! डोकं घातलं, ते कानांपाशी अडकलं. आम्ही ओढून काढलं. हात घातला, तो मनगटाच्या पुढे जाईना. आणि मग तिचा चेहरा असा उजळत गेला... असा उजळत गेला... आणि ती ओरडली, ‘आई! हा मला लहान होतो!’

आम्ही एकमेकांकडे बघतोय.

‘मागच्या वेळी गुडघ्यापर्यंत होता! आता डोकंपण जात नाही! आई, मी केवढी मोठी झाले!’ खुर्चीवर उभी राहिली. ‘ताईला अजून होतो आणि मला लहान होतो! म्हणजे मी ताईपेक्षा मोठी झाले!’

आता तुम्हीच सांगा, या हिशोबात चूक कुठे आहे? जन्मल्यापासून बिचारी दुसरीचे उसवलेले, ढगळ कपडे घालत आलेली, तिला आयुष्यात पहिल्यांदा काहीतरी लहान झालं होतं! मी थोरलीकडे बघितलं. ही आता उठणार. ही साक्षीपुरावे काढणार. ‘गरम पाण्यात लोकर आटते, आम्हाला शिकवलंय,’ म्हणणार. तिने तोंड उघडलंसुद्धा. माझ्याकडे बघितलं, धाकटीकडे बघितलं, आणि म्हणाली, ‘हो. झालीस खरी.’

एवढंच! आणि वरण-भात नाही, पोळी नाही, पाणीसुद्धा न पिता उठून गेली. शेपटीने त्याच रात्री खिडकीजवळची खाट घेतली, उशिरा झोपायचा हक्क घेतला, ‘आता मी ताई,’ म्हणाली, आणि थोरलीने सगळं देऊन टाकलं.

दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर थोरली दुकानात आली. आत नाही आली, गिऱ्हाइकासारखी टेबलाच्या पलीकडे उभी राहिली. ‘बाबा, आटलेला स्वेटर परत मोठा होतो?’

‘नाही गं.’

‘ओला करून, चिमटे लावून, ओढला तर?’

‘नाही होत, बाळा. लोकर एकदा बसली की बसली.’

मग टेबलावर कुणाचं तरी ब्लँकेट पडलं होतं, त्यात तोंड खुपसून ती रडली. आणि म्हणाली, ‘मी देणारच होते तिला. खरी थंडी पडली की देणार होते. फक्त तोवर माझा होता ना. तू नुसतं विचारायचंस तरी.’

मी म्हटलं, ‘मला वाटलं तू नाहीच म्हणशील.’

‘नाहीच म्हटलं असतं,’ ती म्हणाली. ‘पण मग दिला असता.’

वाईट वाटलं हो. फार वाईट वाटलं. दिवसभर मी लोकांना विचारत असतो, गार की गरम, खळ हवी की नको, बटणं काढू की राहू देत... अनोळखी माणसाच्या रुमालाला विचारतो! घरच्या पोरीला विचारलं नाही. तिला तो सोडायचा होता, हळूहळू, आपल्या हाताने, तिच्या धाकटीच्या अंगावर घालायचा होता, बटणं लावून द्यायची होती, आणि मी ते सगळं अभ्र्यात कोंबून गाठ मारून घेऊन गेलो. स्वेटर आटला त्याचं एक वेळ सोडा. मी हात लावायलाच नको होता.

पण हे इथे संपलं असतं तर मी तुमच्यापुढे कशाला रडत बसलो असतो! शेपटीने पुढे विचार केला. आमच्या घरातला नियम तिला पक्का पाठ आहे, मोठीला लहान झालं की खालच्याला जातं. तिने स्वेटरची घडी घातली, खालच्या कप्प्यात ठेवली आणि आईला विचारलं, ‘आता हा मला लहान झाला. मग खालचं बाळ कधी आणायचं?’ आमची ही हसली. हसायला नको होतं! पोरीला ते ‘हो’ वाटलं. शाळेत सांगितलं, बाईंना सांगितलं, समोरच्या दुकानदाराला सांगितलं, ‘आमच्याकडे बाळ येणार, स्वेटरपण तयार आहे!’ आता दवाखान्यात हिला लोक खुर्ची देतात, जड उचलू देत नाहीत. आणि खुलासा करायचा म्हटलं तर सुरुवात कुठून करू? स्वेटरपासून? म्हणजे लॉन्ड्रीवाल्याने लोकर उकळली, हे स्वतःच्या तोंडाने सांगू? पानगळीत? ऐन धंद्यात?

परवा त्या सासूबाईंच्या ब्लँकेटवाल्या बाई आल्या. मला म्हणाल्या, ‘अभिनंदन हं! फार छान झालं,’ आणि लोकरीचं एक टोपडं हातात ठेवलं. इवलंसं, पिवळं, स्वतः विणलेलं. मी काय म्हणणार? ‘थँक्यू’ म्हटलं. आणि या वेळी घरचं असूनही टोपड्याला चिंधी बांधली, हिरव्या दोऱ्याची, आणि बसलो धूत.