कंपनीची अब्रू
“बाबा रे, शर्ट उलटा घातलायस,” हे एक्स-रेच्या रांगेतल्या आजींच्या अगदी जिभेवर आलं होतं. तेवढ्यात शेजारच्या त्या ड्रायव्हरचे साहेब धापा टाकत आले.

“व्हॅन उलटल्यावर आधी काय केलंस?”

“नियमाप्रमाणे व्हॅनवरच्या कंपनीच्या नावावर ताडपत्री बांधली, साहेब.”

“मोडक्या पायाने?”

“लंगडत लंगडत. मग अँब्युलन्स बोलावली.”

“आणि शर्ट?”

“लगेच उलटा घातला. नाव आत गेलं.”

“शाब्बास! कंपनीची अब्रू राखलीस. आता जाहिरातीत तुझाच फोटो टाकू. खाली लिहू, ‘आमच्याकडे माणूस आधी.’”

“खरंच, साहेब?”

“आत्ताच काढतो. हस बघू. अरे थांब, शर्ट सुलटा कर, आणि तो पाय तेवढा बाकाखाली घे.”