लढाईची टर्म

(मिरज स्टेशनचा फलाट. ऑक्टोबर १९४६. दोघे भाऊ बाकावर बसले आहेत. थोरल्याच्या मांडीवर सांगलीत घेतलेला इंजिनाचा नवा पट्टा.)

लालासाहेब : अर्धी धरली म्हंजे? टर्म काय भाकरी हाय व्हय अर्धी तोडायला?

सयाजी : आण्णा, इंटरची पयली टर्म युनिव्हर्सिटीनं लढाईच्या नावावर माफ केली. ती कागदावर झाली. दुसऱ्या टर्मचं कॉलेजनं ठरवायचं होतं. फौजेच्या वर्कशॉपात केलेलं काम आमच्या प्रॅक्टिकलच्या जागी चालतं का, ते प्रोफेसरनं बघायचं.

लालासाहेब : आन् बघून न्हाई म्हनला?

सयाजी : इजेच्या प्रयोगांना व्हय म्हणाले. ते सगळे धरले. उजेडाचे, उष्णतेचे, आवाजाचे न्हाईत. ते पोरांबरोबर बसून करायचे.

लालासाहेब : ब्रह्मदेशात चार वर्सं वायरलेस दुरुस्त करत बसलास. तवा उष्णता न्हवती तितं?

सयाजी : होती की. मोजली न्हवती.

लालासाहेब : मस्करी नको. इचारलं काय त्यानं?

सयाजी : इचारलं कमी. टेबलावर सगळं मांडून ठेवलं, तारेचा रोध काढ म्हणाले आन् शेजारच्या खोलीत गेले. मी बटण दाबलं, तर मीटरचा काटा एका जागी ठरंना. बघितलं तर एक स्क्रू ढिला. खिशातल्या चाकूनं तारेचं टोक खरवडलं, स्क्रू आवळला. काटा ठरला. आकडा काढला, लिवला.

लालासाहेब : मग? बरोबर आला?

सयाजी : बरोबर आला. सरांनी वही बघितली, मग स्क्रू बघितला. म्हणाले, ह्याला कुणी हात लावला? म्हटलं, ढिला होता, मी आवळला. तर म्हणाले, तो मीच ढिला केला होता.

लालासाहेब : खोडी काडायला?

सयाजी : काटा हलतोय तवा मी काय लिवतो, ते त्यांना बघायचं होतं. म्हणाले, मी तुला प्रश्न घातला, तू तो दुरुस्त करून ठेवलास, आता मार्क कशाला देऊ?

लालासाहेब : हे बग, मोडलेलं सांधलं ह्यात तुझी चूक मला तरी दिसत न्हाई. माझ्या घरात असा गडी असता तर मी त्याला जेवायला वाढलं असतं.

सयाजी : मलाबी आदी तसंच वाटलं. वर्कशॉपात रीतच ती. सेट आला की बिघाड काढायचा, वर 'ठीक' लिवलेली चिठ्ठी डकवायची, पुढचा सेट घ्यायचा. आदी किती बिघडला होता, ते कॅप्टन कवाच इचारायचा न्हाई. हितं सरांनी तेवढंच इचारलं. काटा कुठनं कुठवर हलत होता? मला सांगता येईना. मी बघितलंच न्हवतं, आण्णा. हात आदी गेला.

लालासाहेब : आन् ते न बघितल्यानं काय बिघडलं?

सयाजी : ते म्हणाले, आदीचं ठाऊक न्हाई तर स्क्रूनंच सुधारलं हे कशावरनं? चाकूनं सुधारलं असंल. मी लय येळ इचार केला. खरंच सांगता येत न्हाई.

लालासाहेब : म्हंजे तुला ते पटलंय.

सयाजी : पटलंय. इजेत हात बसलाय म्हणून ते धरले, आदी बघून लिवायची सवय बाकीच्या प्रयोगांत लाव म्हणाले.

लालासाहेब : झालं. मग भांडायचं कुणासंगं? कवापासनं बसायचं?

सयाजी : दिवाळी झाली की. फेब्रुवारीपातूर रोज.

लालासाहेब : दिवाळीला गुऱ्हाळ सुरू हुतंय, सया.

सयाजी : ठाऊक हाय.

लालासाहेब : तू इंजिन चालवणार म्हणून घाण्याची एक बैलजोडी मी इकली. गावात सांगून बसलोय, सयाला कॉलेजात जावं लागत न्हाई, लढाईच कॉलेजात धरली. लोक ऐकत्यात, शेजारचा बापू तर दोनदा इचारून गेला. आता म्हनू का, उजेड मोजायला गेलाय?

सयाजी : म्हणू नका. मी सरांना इचारून आलोय, हे पुढच्या साली केलं तर? सवलत यंदापुरतीच हाय. यंदा सुटली तर दोन्ही टर्मा पयल्यापासनं.

लालासाहेब : आन् मग ते पुण्याचं इंजिनिअरिंग?

सयाजी : इंटर झाल्याबिगर घेत न्हाईत.

लालासाहेब : माझं सोड. गुऱ्हाळाचं सोड. तुला काय पायजे?

सयाजी : परीक्षेला बसायचंय. यंदा.

लालासाहेब : तोंडानं म्हनला एकदाचा. घरातनं निघाल्यापासनं वाट बगतोय मी.

सयाजी : पर इंजिनाचं काय करायचं? रविवारचा येईन मी. बाकीचे दिवस?

लालासाहेब : बाकीचे दिवस मी हाय की.

सयाजी : तुमी? तुमी तर त्याच्या जवळबी जात न्हाई.

लालासाहेब : जाईन कसा? चालू करताना हँडल उलटं फिरून आपल्या गड्याचा, बाळासोचा हात मोडला, तवा मीच धरून बसलो हुतो त्याला. अजून वर जात न्हाई त्याचा हात.

सयाजी : त्यानं आंगठा हँडलभवती गुंडाळला होता. चारी बोटांच्या बाजूलाच ठेवायचा. मी दावतो तुमाला, अवघड न्हाई. तेल घालायचं, चाक दोनदा हातानं फिरवून घ्यायचं, मग...

लालासाहेब : थांब. ते मागनं. आदी बंद कसं करायचं ते दाव.